मायक्रोवेव्ह घरात वापरताना नेमकं कशाला घाबरायचं? सोलापूरकरांनो, आपापले अनुभव लिहा

जुईची_आई (जुळे सोलापूर)

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो जुना फॉरवर्ड परत फिरतोय, मायक्रोवेव्हमधलं अन्न खाल्लं की कॅन्सर होतो, किरण अन्नात उतरतात, रक्त बदलतं वगैरे. वाचून तीन-चार जणींनी मशीन बंदच करून ठेवलं, एक तर विकायला काढायच्या विचारात आहे. पण यातल्याच एका घरात मी बघितलं, मायक्रोवेव्ह आणि मिक्सर दोन्ही एकाच स्वस्तातल्या एक्स्टेन्शन बोर्डावर, वर टर्किश टॉवेलची घडी अंथरलेली, भिंतीला एकदम चिकटवून ठेवलेलं, आणि शाळेतनं आलेलं पोरगं घरात कुणी नसताना नूडल्ससाठी मग भरून पाणी उकळतं. मला याची खरंच काळजी वाटते. भीती आहे पण ती नको त्या जागी आहे, आणि जिथं हात भाजतो, आग लागते, शॉक बसतो तिकडं कुणाचं लक्षच नाही.

म्हणून हा धागा. मला पक्कं माहीत आहे तेवढं लिहिते, बाकी तुम्ही भर घाला.

सगळ्यात आधी पाणी. गुळगुळीत काचेच्या किंवा चिनी मातीच्या स्वच्छ कपात नुसतं पाणी जास्त वेळ तापवलं तर ते शंभर डिग्रीच्या वर जातं तरी उकळत नाही, बुडबुडे नाहीत, वाफ फारशी नाही, आपल्याला वाटतं अजून गार आहे. कप उचलला, हलला, चहाची पुडी नाहीतर कॉफी टाकली की ते एकदम उसळून तोंडावर, हातावर येतं. पातेल्यात गॅसवर असं सहसा होत नाही कारण तिथं तळाशी बुडबुडे धरायला जागा असते. त्यामुळे पाणी ठेवताना आत आइस्क्रीमची लाकडी काडी टाकायची, वेळ कमी लावायचा, आणि बंद झाल्यावर अर्धा-एक मिनिट तसंच ठेवून मग दार उघडायचं. मुलांना हे आधी शिकवा, बाकी सगळं नंतर.

दुसरं, कवचासकट अंडं अजिबात नाही. उकडलेलं अंडं परत गरम करायला ठेवलं तरी फुटतं, कधी कधी आत फुटत नाही आणि बाहेर काढून चावा घेतल्यावर फुटतं, ते तर जास्त वाईट. बटाटा, रताळं, टोमॅटो, अख्खं वांगं, ज्याला साल घट्ट आहे त्याला काट्याने भोकं पाडूनच ठेवायचं.

तिसरं, रिकामं चालवायचं नाही. आत काही शोषून घेणारं नसलं की मशीनची ऊर्जा परत मॅग्नेट्रॉनकडेच, म्हणजे लहरी तयार करणाऱ्या भागाकडेच, जाते आणि मशीनचं आयुष्य कमी होतं. लहान मुलं बटणं दाबतात, म्हणून चाइल्ड लॉक लावून ठेवा, जवळपास सगळ्या मॉडेलला असतं.

मला स्वतःला विचारायचंय ते अर्थिंग आणि झुरळांबद्दल. जाणकारांनी लिहा.

मालदांडी

बरं झालं ताई धागा काढलात. आमच्या घरी सासूबाईंचं म्हणणं की याच्यात गरम केलं की अन्नातला कस जातो. आणि भाकरी गरम केली की चामड्यागत होते हे तर मी पण बघितलंय. कस जातो का खरंच?

भौतिकवाले_सर

कस जाण्याबद्दल आधी. कुठल्याही पद्धतीने शिजवलं तरी थोडी जीवनसत्त्वं जातात, क जीवनसत्त्व आणि काही ब जीवनसत्त्वं उष्णतेने आणि पाण्यात विरघळून जातात. मायक्रोवेव्हमध्ये वेळ कमी लागतो आणि पाणी कमी घालतो, त्यामुळे भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून देण्यापेक्षा उलट कमीच नुकसान होतं. सासूबाईंना सांगा की पालेभाजीचं पाणी फेकू नका, कस तिथं जातो.

आता किरणांचं. घरगुती मशीन २४५० मेगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे लहरीची लांबी साधारण १२ सेंटिमीटर. या लहरी रेडिओच्या कुळातल्या आहेत, क्ष-किरणांच्या नाहीत. अणूतला इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ताकद त्यांच्यात नसते, त्यामुळे अन्न किरणोत्सारी होण्याचा प्रश्नच येत नाही. अन्नातलं पाणी, थोड्या प्रमाणात तेल आणि साखर या लहरी शोषतात, रेणू पुढेमागे वळत राहतात आणि त्यातनं उष्णता तयार होते, बास. मशीन बंद झालं की लहरी त्याच क्षणी संपतात, दिव्याचं बटण बंद केल्यावर खोलीत उजेड शिल्लक राहत नाही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेचंही हेच म्हणणं आहे.

दारावरच्या काचेत जी जाळी दिसते तिची भोकं एक-दोन मिलिमीटरची, लहर १२ सेंटिमीटरची, ती त्यातनं बाहेर पडू शकत नाही, उजेड मात्र पडतो म्हणून आपल्याला आतलं दिसतं. तरी अगदी शून्य गळती कुठल्याच मशीनला नसते, म्हणून मर्यादा ठरवलेली आहे. अमेरिकेत एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, १९७१ पासून नियम केलाय, मशीनच्या पृष्ठभागापासून ५ सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला जास्तीत जास्त ५ मिलिवॅट, तेही मशीन जुनं झाल्यावर. आपल्याकडे बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, आयएस ३०२ भाग २ मधलं कलम २५ याच यंत्रासाठी आहे. आणि अंतर वाढलं की ती गळती झपाट्याने कमी होते, हातभर लांब उभं राहिलं तरी पुरे.

ज्या घरी मायक्रोवेव्ह चालू केला की वायफाय अडखळतं त्यांनी घाबरू नये, राउटर २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात बोलतो आणि त्याची स्वतःची ताकद इतकी थोडी असते की परवानगी असलेली किरकोळ गळतीसुद्धा त्याला गोंगाट वाटते. वायफाय ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर टाका, अडचण जाते.

थोडा इतिहास, कारण मुलांना वर्गात सांगितला की ती कान टवकारतात. पर्सी स्पेन्सर नावाचा इंजिनीअर रेथिऑन कंपनीत रडारच्या मॅग्नेट्रॉनवर काम करायचा. १९४५ च्या सुमाराला त्याच्या खिशातली गोड वडी मॅग्नेट्रॉनजवळ विरघळली आणि त्याने विचार केला की यावर अन्न शिजेल. १९४७ मध्ये पहिलं मशीन बाजारात आलं ते जवळपास माणसाच्या उंचीचं आणि तीनशे किलोच्या वर वजनाचं होतं. घरच्या ओट्यावर मावणारं मॉडेल १९६७ मध्ये आलं. म्हणजे घरात वापरायला लागून पन्नासहून जास्त वर्षं झाली, हे काही काल आलेलं अनोळखी यंत्र नाही.

पूर्वभाग_अण्णा

सर एक शंका. मोबाइल आत ठेवून दार लावायचं आणि बाहेरनं रिंग द्यायची, वाजला तर मशीन लीक आहे असं एका व्हिडिओत दाखवायलेत. आमच्या घरचा वाजतोय. टाकून देऊ का? घरात वडलांना पेसमेकर आहे म्हणून विचारायलोय.

भौतिकवाले_सर

अण्णा टाकू नका. ती चाचणी बिनकामाची आहे. मोबाइल फार क्षीण सिग्नलवर सुद्धा वाजतो, शिवाय त्याची फ्रिक्वेन्सी वेगळी, त्यामुळे चांगल्या मशीनमध्येही वाजू शकतो. आणि कृपा करून फोन आत असताना चुकून सुरू करू नका, बॅटरी पेट घेईल.

दार बघायचं ते असं. बिजागरी सैल आहे का, दार लावल्यावर एका कोपऱ्यात फट दिसते का, जाळी कुठं फाटली-गंजली आहे का, दाराच्या कडेला अन्न साचून दार नीट टेकत नाही असं तर नाही ना. कडा ओल्या कापडाने पुसत राहा. दार उघडताच मशीन बंद व्हायलाच हवं, त्यासाठी आत एकाहून जास्त स्विच असतात. दार उघडूनही आतला आवाज चालू राहतो असं वाटलं तर प्लग काढा आणि दुरुस्त झाल्याशिवाय लावू नका.

पेसमेकरचं, आताच्या पेसमेकरना बाहेरच्या लहरींपासून संरक्षण दिलेलं असतं आणि चांगल्या स्थितीतलं मशीन नेहमीसारखं वापरायला हरकत नसते. तरी वडिलांच्या हृदयाच्या डॉक्टरांना त्यांच्या मॉडेलबद्दल एकदा विचारून घ्या, पुढच्या तपासणीला जालच.

पूर्वभाग_अण्णा

जीव भांड्यात पडला सर. विचारतो.

वायरमन_सातरस्ता

ताई अर्थिंगचं विचारलं म्हणून लिहायलोय, मी रोज हेच काम करतोय.

८०० वॅट लिहिलेलं असतं ना बॉक्सवर, ती अन्नाला मिळणारी ताकद. मशीन लाइनमधनं घेतं १२०० ते १४०० वॅट. २३० व्होल्टला हिशोब केला तर पाच-सहा अँपिअर झाले, म्हणजे बारक्या ६ अँपिअरच्या सॉकेटच्या अगदी काठावर. कन्व्हेक्शनवालं, म्हणजे गरम हवेने केक भाजणारं मशीन असलं तर दोन हजारच्या वर जातं, तिथं नऊ-दहा अँपिअर. त्याला १६ अँपिअरचा जाड पिनचा पॉवर सॉकेटच पाहिजे, आणि मागं २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर. जाड पिनचा प्लग बारीक सॉकेटात घालायला तो कन्व्हर्टर मिळतो तो घेऊ नका, मी किती काढलेत वितळलेले, काळे पडलेले. एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच नको. फ्रिज आणि मायक्रोवेव्ह एका पॉइंटवर पण नको.

जुन्या पेठांत, मंगळवार पेठ बाळीवेस तिकडं, वाड्यांमधनं बऱ्याच ठिकाणी तिसऱ्या पिनला वायरच नसते, नुसतं भोक आहे. मशीनची सगळी पेटी लोखंडी, आत काही सुटलं तर पेटीलाच करंट येणार. ओल्या हाताने दार उघडलं आणि झिणझिण्या आल्या तर ते 'थोडं करंट मारतंय' म्हणून सोडू नका, त्याच दिवशी प्लग काढून वायरमनला बोलवा. अर्थिंग तपासून घ्या आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा, म्हणजे करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच. एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवायला आरसीसीबी लागतो, हा फरक लोकांना कुणी सांगतच नाही.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं. मायक्रोवेव्हचं झाकण घरी उघडायचं नाही. प्लग काढलेला असला तरी नाही. आत ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर मिळून हजारो व्होल्ट तयार करतात आणि तो कपॅसिटर बंद केल्यावरही चार्ज धरून बसू शकतो. मिक्सर उघडला, इस्त्री उघडली, तसं हे नाही. टीव्ही दुरुस्त करणारी अनुभवी माणसं पण याला हात लावताना आधी कपॅसिटर डिस्चार्ज करून घेतात. पोरं व्हिडिओ बघून जुन्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढतात आणि लाकडावर विजेने झाडासारखी नक्षी काढतात, त्यात माणसं मेलेली आहेत. भंगारात देताना सुद्धा पोरांच्या हातात देऊ नका, ई-कचरा घेणाऱ्याला अख्खं द्या.

इन्व्हर्टरवर चालवू नका. उन्हाळ्यात लाइट येते-जाते, व्होल्टेज खालीवर होतं, तेव्हा प्लग काढून ठेवलेला बरा.

होटगीरोड_स्वाती

दादा खूप उपयोगी. माझा प्रश्न भांड्यांचा. हॉटेलातनं पार्सल येतं त्या प्लास्टिकच्या डब्यातच गरम केलं तर चालतं का? त्यावर मायक्रोवेव्ह सेफ लिहिलेलं असतं काहींवर. आणि मातीची भांडी? गावाकडनं छान गाडगी आणलीत.

जुईची_आई

स्वाती, माझं मत सरळ आहे, काचेच्या भांड्यात काढून घे. बोरोसिलिकेट काचेचा एक मोठा वाडगा आणि एक झाकणाचा डबा घरात असला की निम्मे प्रश्न मिटतात. डब्याच्या तळाला त्रिकोणात ५ आकडा म्हणजे पॉलीप्रॉपिलीन, ते त्यातल्या त्यात उष्णता सोसतं, त्यावर मायक्रोवेव्हची खूण असेल तर थोडा वेळ चालतं. पण आपल्याकडच्या भाज्यांना तेलाची तर्री असते, आणि तेल पाण्यासारखं शंभर डिग्रीला थांबत नाही, बरंच वर जातं. म्हणून तर काठाला लाल-पिवळा डाग पडून प्लास्टिक खरखरीत होतं ना, ते वितळल्याचंच लक्षण. आइस्क्रीमचे डबे, श्रीखंडाचे डबे, पाण्याची बाटली, थर्माकोलची वाटी, यातलं काहीच नाही. मेलामाइनच्या प्लेटा पण नाहीत, त्या स्वतःच तापतात.

पार्सलची स्टेपलर पिन काढायची, फॉइल काढायचं. भजी वर्तमानपत्रात गुंडाळून येतात ती तशीच आत ठेवणारे लोक मी बघितलेत. कागद पेटतो, शाई अन्नाला लागते, एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने, तर वर्तमानपत्रात खाणं गुंडाळूच नका असं सांगितलेलं आहे.

सोनेरी-चंदेरी काठाचे कप नाहीत, त्या काठावर ठिणग्या उडतात. स्टीलचा टिफिन नाही. मातीचं गाडगं शक्यतो नको, ती माती सच्छिद्र असते, आत पाणी मुरलेलं असतं, अन्न गार राहतं आणि भांडंच तापतं, तडकतंसुद्धा.

शंका असली तर एक सोपी चाचणी. रिकामं भांडं ठेवायचं, शेजारी काचेच्या पेल्यात पाणी ठेवायचं, एक मिनिट चालवायचं. पाणी गरम आणि भांडं गार म्हणजे चालेल. भांडं गरम आणि पाणी गार म्हणजे नको. धातूच्या किंवा सोनेरी काठाच्या भांड्यावर मात्र ही चाचणी करायची नाही.

हुरडा_फॅन

लै भारी धागा. शेंगाच्या चटणीसाठी दाणे भाजायला वापरतंय का कुणी? आणि हुरडा? जानेवारीत फ्रीजरला टाकलेला आहे.

मालदांडी

दाणे मी भाजते, त्याचं सविस्तर लिहिते कारण यात जळायची शक्यता फार. दाण्यात पाणी कमी आणि तेल जास्त, त्यामुळे ते वरून पांढरे दिसतात आणि आतनं काळे होतात. कढईत आपल्याला रंग दिसतो, वास येतो, इथं दार बंद. म्हणून पसरट काचेच्या ताटलीत एकच थर पसरायचा, ढीग नाही. एक वाटी दाण्याला आधी एक मिनिट, काढून हलवायचं, परत एक मिनिट, हलवायचं, नंतर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने. एक दाणा फोडून आत बघायचा. किंचित कच्चा वाटतानाच थांबायचं, बाहेर काढल्यावर पण तो स्वतःच्या उष्णतेने भाजत राहतो. मग सुती कापडावर पसरून गार करायचं, साल छान सुटते. चटणी पुढे उखळात कुटा नाहीतर मिक्सरला थांबत थांबत फिरवा, तेल सुटायला पाहिजे. चव कढईतल्या दाण्याएवढी खमंग येत नाही हे मान्य, पण मे महिन्यात गॅससमोर उभं राहण्यापेक्षा बरं.

चटणीची सुकी मिरची मात्र याच्यात भाजू नका. धूर डोळ्या-नाकात जातो, घर खोकतं, आणि वाळलेली गोष्ट असल्यामुळे पेटते. कढीपत्त्याचंही तसंच, चार पानं ठेवली तर ठिणगी उडते, भरपूर पानं पसरून शेजारी पाण्याची वाटी ठेवून अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने वाळवायचा.

हुरडा पाण्याचा हबका मारून झाकण ठेवून गरम होतो, मऊ राहतो. आगटीतली चव नाही येणार, ती कुठल्याच मशीनला येणार नाही. कडक भाकरी पावसाळ्यात सादळली तर थोडा वेळ गरम करून जाळीवर गार होऊ द्या, गार झाल्यावर कुरकुरीतपणा येतो. ताजी भाकरी ओल्या रुमालात गुंडाळून पंधरा-वीस सेकंदच, आणि लगेच खायची.

दवाखान्यातली_ताई

मी आहारतज्ज्ञ आहे, दोन गोष्टी कळकळीने सांगते.

एक, बाळाचं दूध. बाटली थेट मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका. बाटली बाहेरून कोमट लागते आणि आतल्या दुधाचे काही भाग उकळते असतात, बाळाचं तोंड-घसा भाजतो. आईचं काढून ठेवलेलं दूध तर अजिबात नाही. गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून कोमट करा, हलवा, मनगटावर थेंब टाकून बघा.

दुसरं, शिळा भात. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवल्यावरही जिवंत राहतात आणि भात बाहेर राहिला की वाढून विष तयार करतात. ते विष नंतर गरम करून जात नाही. म्हणजे रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी मायक्रोवेव्हमध्ये वाफाळता केला तरी तो सुरक्षित होत नाही. शिजवलेलं अन्न दोन तासांत फ्रीजमध्ये जायला हवं, आणि ३२ डिग्रीच्या वर उकाडा असेल तर एका तासात. सोलापूरचा उन्हाळा चाळीसच्या वर असतो, तेव्हा एप्रिल-मे मध्ये एक तासच धरा. मोठं पातेलं नाही, उथळ डब्यात पसरून ठेवा म्हणजे लवकर गार होतो.

गरम करतानाही मधे काढून हलवायला हवं. या लहरी अन्नात दोन-तीन सेंटिमीटरच शिरतात, त्याच्या आतला भाग बाहेरच्या उष्णतेनेच तापतो. उसळीचा वाडगा कडेला चटका देतो आणि मधे फ्रीजइतका गार असतो, असं सगळ्यांच्या घरी होतं. झाकण सैल ठेवा, मधे ढवळा, बंद झाल्यावर दोन मिनिटं तसंच राहू द्या, सगळीकडनं वाफ यायला पाहिजे. गोलाकार मांडून मधली जागा रिकामी ठेवली तर इडल्या, कचोऱ्या एकसारख्या गरम होतात. एकदा गरम केलेलं परत परत करू नका, लागेल तेवढंच काढा.

केगाव_होस्टेलवाला

पाण्याचं वाचून बरं वाटलं, आमच्या मेसमध्ये पोरं रोज तेच करतात, प्रिंट काढून चिकटवतो. पॉपकॉर्न ठेवून निघून गेलं की धूर होतो, तेव्हा काय करायचं? मागच्या वेळी सगळ्यांनी दार उघडून पाणी मारलं.

वायरमन_सातरस्ता

दार उघडायचं नाही भावा. आत आग दिसली की दार बंदच ठेव, भिंतीवरचं बटण बंद कर, हात पोचत असेल तर प्लग काढ. हवा मिळाली नाही की आग आपोआप विझते, दार उघडलं की हवा जाते आणि भडका तोंडावर येतो. पाणी तर मारायचंच नाही, लाइन चालू असते. थांबत नसेल तर बाहेर पडा, फायर ब्रिगेडला १०१ लावा. आणि तापायला ठेवून खोलीत जाऊन बसायचं नाही, समोरच थांबायचं.

अजून एक, मान आखडली म्हणून टॉवेल नाहीतर धान्य भरलेली पिशवी आत ठेवून शेकायला गरम करतात लोकं. कापड मधेच जळायला लागतं आणि बाहेरनं कळत नाही. गरम पाण्याची रबरी पिशवी घ्या त्यापेक्षा. वर टॉवेल अंथरणाऱ्यांना पण सांगतो, बाजूला आणि मागं गरम हवा जायच्या झिरी असतात, त्या झाकल्या की मशीन आतनं भाजतं. मागं-बाजूला चार बोटं तरी मोकळी ठेवा, वर अजून जास्त, पुस्तकात आकडा दिलेला असतो.

अक्कलकोटरोड_मावशी

साफसफाईचं मी सांगते. काचेच्या वाडग्यात पाणी, अर्धं लिंबू कापून, त्यात लाकडी काडी. चार मिनिटं लावायचं, नंतर दार न उघडता पाच मिनिटं तसंच. आतली सगळी चिकट घाण वाफेने सुटते. मग प्लग काढून मऊ ओल्या फडक्याने पुसायचं. हळदीचा डाग राहिला तर खायचा सोडा पाण्यात कालवून लावायचा. तारेची घासणी नाही, आतला रंग खरवडला की तिथं गंज आणि ठिणगी. फवारा मारायचा असेल तर फडक्यावर मारायचा, झिरीत नाही. काचेचं ताट गरम असताना गार पाण्याखाली धरू नका, तडकतं. ताटाखालची चाकांची कडी पण काढून धुवा, तिथंच साखर-पाक साचून ताट अडकतं. सांडलं की त्याच दिवशी पुसा गं, तेवढं केलं तरी खूप.

जुईची_आई

मावशी मस्त. आता झुरळांचं कुणीतरी सांगा, आमच्या शेजारी घड्याळाच्या काचेत आतून फिरताना दिसतं.

वायरमन_सातरस्ता

ताई हे लै कॉमन आहे. पॅनलच्या मागं ऊब असते आणि दिव्यापाशी जागा असते, झुरळं तिथंच घर करतात, बटणं आपोआप दाबल्यासारखी होतात, बोर्ड जातो. कधी पाल पण. आत फवारा मारू नका, तो पेट घेणारा असतो आणि बोर्डावर बसतो. रात्री वापरून झालं की आतलं कोरडं पुसा, दार लावून ठेवा, मशीनखालचे दाणे-तुकडे झाडा, आणि मशीनच्या मागं ओट्यावर झुरळाचं जेल ठिपक्याने लावा, मशीनवर नाही. आत शिरलेलीच असतील तर मेकॅनिककडं देऊन साफ करून घ्या.

होटगीरोड_स्वाती

कन्व्हेक्शन मोडला केकचा ॲल्युमिनियमचा डबा चालतो ना? दुकानदार हो म्हणाला, जाऊबाई नाही म्हणतात.

भौतिकवाले_सर

नुसत्या कन्व्हेक्शनला चालतो, तिथं लहरी बंद असतात आणि पंखा-कॉइलने गरम हवा फिरते. पण कॉम्बिनेशन मोडला दोन्ही चालू असतात, तिथं फक्त मशीनसोबत आलेलं किंवा पुस्तकात सांगितलेलंच भांडं. उलटं लक्षात ठेवायचं ते प्लास्टिकचं, मायक्रोवेव्ह सेफ लिहिलेलं प्लास्टिक कन्व्हेक्शनला वितळतं. आणि केक झाल्यावर लगेच दूध गरम करायला प्लास्टिकचा डबा ठेवू नका, आतल्या भिंती अजून तापलेल्या असतात. जाड हातमोजे वापरा, फडकं पातळ असतं.

हुरडा_फॅन

आमच्यात उजव्या भिंतीला पुठ्ठ्यासारखं काहीतरी आहे, त्याला काळा डाग पडलाय आणि चट चट ठिणगी उडायलीय. पुठ्ठा कुणीतरी विसरला म्हणून काढून टाकू का?

वायरमन_सातरस्ता

काढून टाकू नका, तो अभ्रकाचा पत्रा आहे, मायका शीट म्हणतात. त्याच्या मागनं लहरी आत येतात, तेल-वाफ मॅग्नेट्रॉनकडं जाऊ नये म्हणून तो असतो. त्याच्यावर तेलाचे शिंतोडे बसले की ते जळून कोळसा होतात आणि मग ठिणगी. नुसतं चिकट असेल तर प्लग काढून ओल्या फडक्याने हलकं पुसा, घासू नका. काळं पडून भोक पडलं असेल तर बदलावाच लागतो, तोवर मशीन चालवू नका. पार्ट स्वस्त आहे, इलेक्ट्रॉनिक्सच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मोठा पत्रा मिळतो, जुना नमुना ठेवून कात्रीने कापता येतो, आकार आणि भोकं तंतोतंत पाहिजेत. आतल्या बाजूनेच स्क्रू नाहीतर खाचेत बसवलेला असतो, पेटी उघडायची गरज नसते. पण पत्रा काढल्यावर मागची लोखंडी कड पण जळलेली, खड्डा पडलेली दिसली तर नवा पत्रा लावून उपयोग नाही, तो परत जळणार. त्याचा फोटो इथं टाका, बघून सांगतो मेकॅनिककडं न्यायचं का.

हुरडा_फॅन

प्लग काढलाय. संध्याकाळी उजेडात काढून बघतो आणि फोटो टाकतो दादा.